विश्वस्त घरी येतात तेव्हा

मे महिना लागला की आमच्या शहरात एक वास सुटतो. दुकानांच्या दारात कूलरच्या ताट्या भरायला बायका बसतात, त्यांच्या पुढ्यात वाळ्याचा ढीग पडलेला असतो, कुणीतरी त्यावर पाणी शिंपडतं आणि तो थंड, मातकट वास रस्ताभर पसरतो. सिग्नलला थांबलेली माणसं नकळत तिकडं मान वळवतात. त्यांना बरं वाटत असावं. माझी मात्र पावलं भराभर पडायला लागतात. आता कुणीतरी घरी येणार, खुर्चीवर बसणार, भिंतीवरून नजर फिरवणार आणि काहीतरी लिहून नेणार, असं वाटत राहतं. तीन उन्हाळे झाले, तरी वाटतं.

मी ज्या संस्थेच्या मदतीनं शिकते तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर हे आभाराचं पत्र वाटेल, आणि मला आभाराचं पत्र लिहायचं नाही. निदान आज नाही. घरातलं पहिलंच मूल कॉलेजात जात असेल तर त्याची फी भरायची, त्याला शहरात अभ्यासाला जागा द्यायची, एवढं त्या संस्थेचं काम. पाच विश्वस्त आहेत. सगळे साठीच्या पुढचे, सगळे शहरातले, सगळे चांगलं मराठी बोलणारे. निवड करण्याआधी त्यांच्यातले दोघं मुलाच्या घरी येतात. कधी येणार ते आठवडाभर आधी कळवतात, आणि तो आठवडा म्हणजे अख्ख्या घराची परीक्षा.

आमचं घर लासूर स्टेशन या गावाला. आप्पा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी आहेत. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. माझी बारावी झाली होती आणि मला पुढं शिकायचं होतं. आप्पा नको म्हणाले नव्हते. पण संस्थेनं नाही म्हटलं असतं तर तेही नाहीच म्हणणार होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं निरोप आला त्या दिवसापासून आई घराकडं परक्या नजरेनं बघायला लागली. टीव्ही जुना होता, तो राहू दिला. मावशीनं दिलेली काचेच्या कपांची पेटी माळ्यावर गेली. मग आई कूलरपुढं उभी राहिली.

आदल्याच वर्षी घेतलेला कूलर. मोठा, पांढरा पत्र्याचा, चाकांचा. घरात तेवढीच एक वस्तू नवी होती.

"ह्याला पाहून काय म्हणतील?" आई म्हणाली. "म्हणतील, थंड हवा खात बसलेत, अन् मदत मागायलेत."

"उन्हाळ्यात कूलर नाय मग काय असतंय घरात?" मी म्हटलं.

"तू गप. तुला लई कळतंय."

आप्पा दारात बसून पायाला तेल चोळत होते. ते वर न बघता म्हणाले, "ते येऊन जाईस्तोवर शेजारी न्यायचं अन् मग आणायचं. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

मग तो कूलर आम्ही ढकलत शेजारी नजमाचाचीकडं नेऊन ठेवला. का ठेवतोय ते आईनं सांगितलं नाही. लाजेनं नाही सांगितलं. "चार दिवस राहू द्या तुमच्याकडं," एवढंच म्हणाली. चाचीला वाटलं, आमच्या खिडकीचं काही काम निघालं असेल.

ते दोघं आले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. वैद्य सर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, उंच, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आणि नलिनीताई, एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांची नजर अजून वर्गात उभी असल्यासारखी. आमच्या पत्र्याखाली तेव्हा इतकं तापलं होतं की फळीवरची मेणबत्तीसुद्धा उभ्या उभ्या वाकली होती. सरांच्या पाठीवर शर्ट चिकटला. आईनं सकाळीच आमरस केला होता, वाट्या भरून आणल्या. नलिनीताई हसून म्हणाल्या, "आम्ही फक्त पाणी घेतो." आईचा चेहरा उतरला. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. आपल्या हातचं चालत नसेल त्यांना.

सरांनी मला विचारलं, पुढं काय व्हायचंय. मी म्हटलं, रसायनशास्त्र शिकायचंय. का, म्हणून विचारलं. मला उत्तर येत होतं, पण त्याच वेळी बाहेर चाकांचा खडखडाट ऐकू आला आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं.

नजमाचाची आणि तिची सून, दोघी मिळून कूलर ढकलत दारात.

"अगे भाभी," चाची धापा टाकत म्हणाली, "मेहमानां का क्या हाल होरा देखो! पसीना पसीना होगये बिचारे. तुम्हारा कूलर हमारे पास काहे कू पड़ा रहना? लो, लगाओ. पानी भी भर के लाई मैं."

चाचीनंच वायर खोचली, बटण दाबलं. कूलर घरघरला आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला. वैद्य सरांनी आपली खुर्ची उचलली, थेट कूलरसमोर ठेवली, चष्मा काढला, आणि डोळे मिटून बसले. बराच वेळ. मग म्हणाले, "अहो, हे आधी नाही का आणायचं!"

हा टोमणा होता. आम्हा तिघांनाही खात्री होती की हा टोमणाच होता.

ते गेले तेव्हा आम्ही खिडकीतून बघत होतो. गाडी कडुलिंबाखाली उभी होती. सर गाडीत जाऊन बसले, नलिनीताई बाहेर झाडाला टेकून उभ्या राहिल्या. दोघं आपापल्या कागदावर लिहीत होते. एकमेकांशी एक शब्द नाही. एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. बराच वेळ लिहून झाल्यावर ताई गाडीत बसल्या आणि गाडी गेली.

"भांडले," आप्पा म्हणाले. "आपल्यावरून भांडले."

आई चुलीपाशी आमरसाच्या वाट्या परत पातेल्यात ओतत होती. "चाचीला काय बोलू मी आता," एवढंच ती म्हणाली. चाचीला ती काही बोलली नाही. आजपर्यंत बोललेली नाही. संध्याकाळी एक वाटी आमरस मात्र तिच्याकडं गेला, नेहमीसारखा.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती.

कुणालाही वाटेल, इथं शंका संपली. खरं तर ती इथं सुरू झाली. नाही म्हणाले असते तर आम्हाला समजलं असतं. चोरी पकडली, शिक्षा झाली. पण पकडलं आणि तरी दिलं, याचा अर्थ कसा लावायचा? आप्पांनी पत्र दोनदा वाचून घेतलं, घडी घातली आणि म्हणाले, "ज्याच्या हातात काटा असतो ना अशू, त्याच्या काट्याकडं नाय बघायचं. हाताकडं बघायचं. बोट कुठं टेकवतोय ते." मी ते वाक्य पिशवीत घालूनच शहरात आले.

आणि मग मी बघत राहिले, बोट कुठं टेकतंय ते. संस्थेची अभ्यासिका म्हणजे एक लांबडी खोली, वीस टेबलं, भिंतीवर घड्याळ आणि एका टोकाला कूलर. पहिली दोन वर्षं मी कधीच कूलरजवळ बसले नाही. दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसायचे. तिथं हवा पोचत नसे. वहीच्या पानाला हात चिकटायचा, तरी तिथंच. विश्वस्तांपैकी कुणी अचानक आलं आणि मी हवा खाताना दिसले तर, असं वाटायचं. आज लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा हिशेबीपणाचं वाटायचं.

वैद्य सर महिन्यातून एकदा येऊन प्रत्येकाजवळ पाच मिनिटं बसत. "घरी काय म्हणतात सगळे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. बाकीची मुलं गावाकडच्या गप्पा सांगत. मी "बरं आहे" म्हणायचे आणि गप्प. घरी नवीन काय आलं ते काढून घेतायत, अशी माझी समजूत. एकदा ते म्हणाले, "तुझे वडील मापाडी ना? इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा त्यांना जड गेलं का ग?" मला अजून आठवतं, मी पेनाचं टोपण किती वेळ लावत-काढत बसले. सुट्टीत घरी गेल्यावर आप्पांना सांगितलं, तर त्यांनी पायाला तेल चोळायचं थांबवलं. मग म्हणाले, "व्हय, गेलं होतं जड." आणि पुन्हा तेल चोळत, "आजवर कुणी इचारलं नव्हतं."

तरीही मी संशय सोडला नाही. आणि मला हेही सांगायला हवं की माझी शंका दर वेळी खोटी नव्हती. दुसऱ्या वर्षी संस्थेचं एक पत्रक निघालं. त्यावर माझा फोटो. अभ्यासिकेत मान खाली घालून लिहिताना कुणीतरी काढलेला, आणि खाली छापलेलं, 'हिला तुमच्या आधाराची गरज आहे'. कॉलेजातल्या मैत्रिणीनं ते पत्रक मला आणून दाखवलं. "अय्या, ही तूच ना?" म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. मी दोन दिवस कॉलेजला गेले नाही. मग धीर करून नलिनीताईंकडं गेले आणि पत्रक त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी फोटो बघितला, मग माझ्याकडं. "आम्हाला वाटलं, तुला आवडेल," त्या म्हणाल्या. मग पत्रक उलटं ठेवून, "चुकलंच." उरलेली पत्रकं वाटली गेली नाहीत. पण चांगलं मराठी बोलणारी, चांगल्या मनाची माणसंसुद्धा न विचारता तुमचा चेहरा वापरू शकतात, हे मी तेव्हा शिकले. ते शिकणं मला पुसायचं नाही.

कधी कधी वाटतं, आमच्यासारख्यांना फसवणाऱ्याची सवय असते. मोंढ्यात कोण किती कापणार हे आप्पांना चेहऱ्यावरून कळतं, त्याच्याबरोबर ते चहाही पितात. पण जो माणूस देतो आणि मागत काहीच नाही, त्याच्यासमोर आम्ही कसं बसावं तेच आम्हाला ठाऊक नसतं. पाय पोटाशी घ्यावे की पसरावे? ज्यानं घ्यायचं त्यानं काही द्यायला नको का? आईनं आमरस दिला होता. त्यांनी तो घेतला नाही.

यंदा एप्रिलमध्ये वैद्य सरांनी मला बोलावून घेतलं. गृहभेटींना शिकणारा एक विद्यार्थीही बरोबर असावा, असं विश्वस्तांच्या बैठकीत ठरलं होतं. "तू येशील का?" त्यांनी विचारलं. माझा पहिला विचार, मलाच का? मी हो म्हटलं, पण ते होकारापेक्षा बघू या तरी काय चालतं ते, असं होतं.

निघण्याआधी नलिनीताईंनी मला नियम समजावले. घरी फक्त पाणी घ्यायचं. "का?" मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला आम्ही खायचो ग. मग एका घरी कळलं, त्यांनी श्रीखंड शेजारून उसनं आणलं होतं. तेव्हापासून बंद." दुसरा नियम. भेटीनंतर प्रत्येकानं वेगवेगळं बसून लिहायचं. काय दिसलं, काय वाटलं. आपापलं पाकीट चिकटवेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, खुणेनंही नाही. "एकाचं मत दुसऱ्याला लागतं," त्या म्हणाल्या. "वैद्य सर ठासून बोलतात, मी त्यांच्या नादाला लागते."

मी मान हलवली. पण मला कडुलिंब दिसत होता, आणि त्याखालचे ते दोघं, पाठ फिरवून लिहिणारे. आप्पा अजून कुणालाही सांगतात, की आमच्या अशूवरून ते भांडले होते. त्यात थोडा अभिमानही असतो.

"सर," मी गाडीत विचारलं, "माझ्या वेळी तुम्ही काय लिहिलं होतं?"

"आता कसं आठवणार," ते समोर बघत म्हणाले. "किती घरं झाली."

मला ते खरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

आम्ही गेलो ते घर पडेगावला होतं, दौलताबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला. मुलीचं नाव दिपाली, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. वडील रिक्षा चालवतात, आई एका शाळेत पोळ्या करते. दोन खोल्या, स्वच्छ सारवल्यासारखी फरशी, आणि आत शिरताक्षणी मला तो वास आला.

मी खिडकीकडं बघितलं. खिडकीच्या चौकटीत नवीकोरी चादर खोचलेली. चौकटीखाली भिंतीवर पाणी ओघळून पडलेली पांढरी क्षारांची रेघ. बाहेर कूलर ठेवायची लोखंडी घोडी, आणि मे महिन्यात त्या घोडीवर एकटीच तुळशीची कुंडी. मी पटकन नजर वळवली, आणि ती नेमकी दिपालीच्या नजरेला भिडली. तिनं बघितलं होतं, मी काय बघितलं ते. ती नजर मला ओळखीची होती. मी बोट कुठं टेकवतेय, ते ती बघत होती.

"पंख्याची हवा लागतेय ना?" दिपालीची आई पुन्हा पुन्हा विचारत होती. पंखा गरम हवा फिरवत होता. सर रुमालानं मान पुसत होते. "पोरगी लई हुशार हाय मॅडम," ती मला म्हणाली. मला, मॅडम! "आमच्यात एवढं कुणी शिकलं नाय. तुमी लिव्हा बरं चांगलं."

"मी पण तुमच्यासारखीच आहे काकू," मी म्हटलं. ती हसली. तिचा विश्वास बसला नाही. मी तिच्या जागी असते तर माझाही बसला नसता.

दिपालीला सरांनी तोच प्रश्न विचारला, पुढं काय व्हायचंय. "नर्सिंग," ती म्हणाली. "का ग?" ती बोलायला लागली आणि सारखी दाराकडं बघत होती. बाहेर पावलं वाजली की थांबत होती. त्या खोलीत तिच्याइतकीच घाबरलेली मी होते. कुणी शेजारीण चाकं ढकलत येऊ नये, अशी मी मनात प्रार्थना करत होते.

कुणी आलं नाही.

बाहेर येऊन सर गाडीत बसले, ताई एका पायरीवर. मी गल्लीच्या टोकाला बंद दुकानाच्या सावलीत उभी राहिले. हातात कागद. वर लिहिलेलं, 'भेटीत काय दिसलं'. तीन वर्षं ज्या कागदाची मी भीती बाळगली, तो हा. इतका साधा असेल असं वाटलं नव्हतं. खाली नुसत्या रेघा. काटा आता माझ्या हातात होता आणि मला माझंच बोट दिसत होतं. कूलरचं लिहिलं नाही तर मी पुन्हा एकदा तो लपवणार, या खेपेला दुसऱ्याचा. लिहिलं तर, उकाड्यात घाम पुसत बसलेल्या त्या आईनं एका सकाळी जे काही शेजारी ढकलत नेलं, ते मी परत दारात आणून उभं करणार. चाचीनं भाबडेपणानं केलं होतं. मी जाणूनबुजून करणार होते. आणि त्यात ती मुलगी शिकणार की नाही ते अडकलेलं.

मी लिहिलं ते असं, शब्दन् शब्द आठवत नाही, पण बहुतेक असंच. 'यांच्याकडं कूलर आहे. आपण येणार म्हणून लपवला आहे. आम्हीही लपवला होता. तो लपवावा लागतो असं आम्हाला का वाटतं, हे कुणीतरी विचारायला हवं. मुलीला खरंच शिकायचं आहे. ती बोलताना दाराकडं बघत होती, ते खोटेपणामुळं नाही.' पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं. गोंदाची कडवट चव तोंडात राहिली.

गाडीत तीन पाकिटं नलिनीताईंच्या मांडीवर जमली. म्हणजे आता बोलायला मोकळीक होती. गाडी दौलताबाद रस्त्याला लागली. मग ताई म्हणाल्या, "वाळ्याचा वास येत होता की नाही?"

"येतोच," सर म्हणाले. "दर वर्षी, प्रत्येक घरी."

"मग इतकी वर्षं सांगत का नाही तुम्ही?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "भेटीच्या पत्रातच लिहा ना एक ओळ. कूलर लपवू नका म्हणून."

सर वळून माझ्याकडं बघायला लागले. "आम्हाला वाटायचं," ते चाचपडत म्हणाले, "आम्ही ओळखलंय हे कळलं तर त्यांना लाज वाटेल. म्हणून आम्ही काही बघितलंच नाही असं करायचो."

म्हणजे तेही लपवत होते. आम्ही कूलर, आणि ते त्यांना आलेला वास. मला हसू आलं, रागही आला. एवढी शिकलेली माणसं! पुढच्या वर्षीपासून पत्रात ती ओळ असेल, असं बैठकीत ठरलंय म्हणतात. छापून येईल तेव्हा मी खरं मानीन.

दिपालीची निवड झाली. परवा ती पहिल्यांदा अभ्यासिकेत आली. वीस टेबलं, बरीचशी रिकामी. ती थेट शेवटच्या कोपऱ्यात गेली, भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसली. त्या टेबलावर माझ्या पेनाचे ओरखडे अजून असतील. मी कूलरजवळ बसले होते. तिनं मला बघितलं, ओळखलं, आणि वही उघडून मान खाली घातली. मी काय लिहिलं होतं ते तिला माहीत नाही. माझ्या वेळी काय लिहिलं होतं ते मलाही माहीत नाही.

थोड्या वेळानं मी उठले आणि कूलरचं तोंड तिच्या कोपऱ्याकडं वळवलं. गार वाऱ्यानं तिच्या वहीचं पान फडफडलं. तिनं पानावर हात ठेवला, एकदा माझ्याकडं बघितलं, मग वही, पेन, पाण्याची बाटली गोळा केली आणि जिथं हवा पोचत नव्हती अशा दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली.

मी कूलर पुन्हा वळवला नाही. मला कूलरजवळ यायला तीन उन्हाळे लागले होते. तिचा तर हा पहिलाच.